आठवणीतून घडलेली पाहुणी : ‘सोलारिस’ – कादंबरी आणि चित्रपट

हा लेख म्हणजे माझ्याच एका जुन्या लेखाची दुरुस्ती आहे.

१९९६ साली नाशिकला आमचे दहा-बारा जणांचे एक चित्रपट मंडळ होते. कोणाच्या तरी घरी जमायचे, मिळेल ती व्हिडिओ कॅसेट लावायची आणि नंतर रात्री उशिरापर्यंत वाद घालायचा, एवढाच कार्यक्रम. अशाच एका रविवारी आंद्रेई तारकोव्हस्कीचा ‘सोलारिस’ लावला गेला. एकवीस इंची टीव्ही आणि पावणेतीन तासांचा रशियन चित्रपट. मध्यंतरात चहा घ्यायला उठलेल्यांपैकी निम्मे परत आलेच नाहीत. मी मात्र शेवटपर्यंत बसलो. कारण त्याआधी दोनच महिने मला रद्दीच्या दुकानात ती कादंबरी इंग्रजीत सापडली होती आणि मी ती दोनदा वाचून काढली होती. पुढच्या आठवड्यात मंडळाच्या झेरॉक्स अंकासाठी मी तावातावाने लेख लिहिला. सारांश एवढाच की कादंबरी थोर आहे आणि चित्रपटाने तिचा विश्वासघात केला आहे.

त्या लेखातला मला सर्वांत आवडलेला भाग नायिकेच्या नावाबद्दल होता. माझ्याजवळच्या प्रतीत तिचे नाव ‘रेया’ होते. ग्रीक पुराणात ऱ्हिया ही देवांची माता. तेव्हा सागरातून पुन्हा पुन्हा जन्मणाऱ्या या स्त्रीला लेखकाने हे नाव मुद्दाम दिले, ती आदिमाता आहे, असे मी दोन पाने भरून सिद्ध केले. चित्रपटात तिचे नाव ‘हारी’ आहे. म्हणजे दिग्दर्शकाला हे प्रतीक उमगलेच नाही, असा ठपकाही ठेवला.

मूळ लेखकाने ‘रेया’ हे नाव कधी लिहिलेच नव्हते, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. माझ्याजवळचा इंग्रजी अनुवाद १९७० सालचा, आणि तो मूळ पोलिशवरून केलेला नसून फ्रेंच अनुवादावरून केलेला होता. पोलिश पुस्तकात ती ‘हारेय’ आहे. इंग्रजी अनुवादकांनी त्याच अक्षरांची उलटापालट करून ‘रेया’ बनवले, आणि स्नाउट या शास्त्रज्ञाचा ‘स्नो’ केला. थेट पोलिशवरून केलेला बिल जॉन्स्टन यांचा इंग्रजी अनुवाद २०११ साली आला, तोवर इंग्रजी वाचकापुढे दुसरा पर्यायच नव्हता. पोलिश मला येत नाही. पण मूळ पुस्तकाची पाने समोर ठेवली तर रोमन लिपीतली नावे कोणालाही वाचता येतात. ती वाचली आणि माझी दोन पाने एका क्षणात निकालात निघाली. ज्याला मी मुळाशी बेइमान म्हटले होते तो चित्रपटच नावाच्या बाबतीत मुळाला धरून होता.

चूक नावापुरती असती तर हा लेख लिहिला नसता. पण तिच्यामुळे एक प्रश्न मागे लागला. पोलिशवरून फ्रेंच, फ्रेंचवरून इंग्रजी असे पुस्तक एका हातात. रशियन चित्रपट, तोही इंग्रजी उपशीर्षकांसह, दुसऱ्या हातात. आणि आपण न्यायाधीश होऊन ‘मुळाशी इमान’ मोजत बसलेलो. चित्रपट पुस्तकाशी प्रामाणिक आहे का, हा प्रश्न आपण विचारतो तेव्हा नेमके काय विचारतो? ‘सोलारिस’ ही असा प्रश्न विचारायला फार योग्य कादंबरी आहे, कारण तिचा विषयच मूळ आणि प्रतिकृती हा आहे.

(यापुढे कादंबरी व चित्रपट दोन्हींसाठी मी ‘हारी’ हेच नाव वापरतो.)

लेखक आणि त्याचा सागर

स्टानिस्लाव लेमचा जन्म १९२१ सालचा, ल्वूव शहरातला. तेव्हा ते पोलंडमध्ये होते, आज ते युक्रेनमध्ये आहे. वैद्यकाचे शिक्षण युद्धामुळे अर्धवट राहिले. नाझी अमलात त्याने मोटार दुरुस्तीच्या कारखान्यात काम केले. युद्धानंतर कुटुंब क्राकूवला आले. तिथे शिक्षण पूर्ण होत आले तरी, सैन्यात डॉक्टर म्हणून भरती होऊ नये म्हणून, शेवटची परीक्षा त्याने दिलीच नाही. विज्ञानाच्या स्वरूपाचा अभ्यास करणाऱ्या एका मंडळात त्याने सहायकाचे काम केले. नव्या वैज्ञानिक ग्रंथांची परीक्षणे लिहिली. हा तपशील लक्षात ठेवावा. ‘सोलारिस’ १९६१ साली प्रसिद्ध झाली, तिच्यात या कामाची छाया ठायी ठायी आहे.

कथा थोडक्यात अशी. सोलारिस हा दोन सूर्यांभोवती फिरणारा ग्रह, एक सूर्य तांबडा, एक निळा. गणिताप्रमाणे अशा ग्रहाची कक्षा टिकायला नको, पण ती टिकते. कारण ग्रह व्यापून असलेला जेलीसारखा सागर ती सांभाळतो. (दोन ताऱ्यांभोवती फिरणारा पहिला निश्चित ग्रह, केप्लर-१६बी, आपल्याला २०११ साली सापडला, अशा काही कक्षा आपोआपही टिकू शकतात हे आज माहीत आहे. कादंबरीच्या काळात हे सगळे कल्पनेतच होते.) हा सागर जिवंत आहे का? विचार करतो का? शंभरहून अधिक वर्षे माणसे हे शोधत आहेत. सागरावर तरंगणाऱ्या संशोधन स्थानकात क्रिस केल्विन हा मानसशास्त्रज्ञ येतो, तेव्हा त्याचा जुना सहकारी गिबारियन त्याच सकाळी मेलेला असतो. उरलेले दोघे, स्नाउट आणि सार्टोरियस, घाबरलेले आणि काही तरी लपवणारे. दुसऱ्या दिवशी क्रिस झोपेतून जागा होतो तो समोर हारी बसलेली असते. दहा वर्षांपूर्वी, एकोणीस वर्षांची असताना, भांडण करून तो निघून गेल्यावर इंजेक्शन टोचून घेऊन मेलेली त्याची हारी.

स्थानकावर प्रत्येकाकडे असे कोणी तरी आले आहे. कादंबरीत त्यांना ‘पाहुणे’ म्हटले आहे. शास्त्रज्ञांनी सागरावर क्ष-किरणांचा मारा केला, त्यानंतर हे सुरू झाले. माणसे झोपलेली असताना सागर त्यांच्या मनातून सर्वांत खोल रुतलेली आठवण काढतो आणि तिला देह देतो. का, ते कोणालाच माहीत नाही. शिक्षा असेल, भेट असेल, प्रयोग असेल किंवा यातले काहीच नसेल.

पुस्तकातले ग्रंथालय

पहिल्या वाचनात कोणीही हारीच्या कथेतच अडकतो. पण कादंबरीचा मोठा भाग तिच्याबद्दल नाहीच. तो आहे ‘सोलारिस्टिक्स’बद्दल, म्हणजे या सागराचा अभ्यास करणाऱ्या काल्पनिक शास्त्राबद्दल. स्थानकाच्या आत, खिडक्या नसलेल्या ग्रंथालयात क्रिस तासन् तास जुने खंड चाळतो, आणि लेम आपल्याला एका शास्त्राचा संपूर्ण इतिहास सांगतो. कोणी सागराच्या आकारांची वर्गवारी केली. त्यांना मिमॉइड, सिमेट्रियाड अशी नावे दिली. असाच एक आकार कोसळताना शंभराहून अधिक संशोधक मेले. कोणी म्हणाले सागर निर्बुद्ध आहे. कोणी म्हणाले तो विश्वातला योगी आहे, सर्व कर्माची व्यर्थता उमजून मौनात गेलेला. मुंटियस नावाचा एक टीकाकार तर म्हणतो की हे शास्त्र म्हणजे अंतराळयुगातला धर्मच आहे. संपर्काची वाट पाहणे ही त्यातली मोक्षाची आशा.

यातला एकही ग्रंथ अस्तित्वात नाही. पण लेमने त्यांचे लेखक, वाद, गटबाजी, नंतर आलेली मरगळ आणि निधी आटणे हे सगळे इतके तपशिलात लिहिले आहे की कोणत्याही खऱ्या शास्त्राचा इतिहास वाचतो आहोत असे वाटते. मला पदवी नाही, विद्यापीठ नाही. पतसंस्थेतली हिशेबनिशी सांभाळून रात्री वाचायचे, टिपणे काढायची, वह्या भरायच्या, हे तीस वर्षे चालू आहे. म्हणून असेल, पण या ग्रंथालयाची प्रकरणे मी जितक्या वेळा वाचतो तितक्या वेळा अस्वस्थ होतो. कपाटेच्या कपाटे भरली, आणि विषय मात्र होता तिथेच राहिला! लेम याची टर उडवत नाही. तो एवढेच दाखवतो की माणूस परक्या गोष्टीला नाव देतो, वर्ग पाडतो, आणि नाव देता आले म्हणजे कळले असे समजतो.

याच कादंबरीत एक छोटा प्रसंग आहे, जो मला वैज्ञानिक वृत्तीचा नमुना वाटतो. स्थानकावरचे विचित्र प्रकार पाहून क्रिसला वाटते आपल्याला वेड लागले. ते कसे तपासायचे? सगळे जगच भ्रम असेल तर पुरावाही भ्रमच असणार. तो ग्रहाभोवती फिरणाऱ्या यानाच्या यंत्राकडून त्याच्या मार्गाचे आकडे मागवतो, ते न पाहता बाजूला ठेवतो, आणि तेच गणित स्वतः कागदावर तासन् तास करतो. मग दोन्ही ताडून पाहतो. दशांश चिन्हापुढच्या चार स्थळांपर्यंत आकडे जुळतात. इतके अवघड गणित त्याचे मन आधीच करून ठेवू शकले नसते, म्हणून यंत्र खरे, म्हणून बाहेरचे जग खरे, म्हणून तो शहाणा आहे. हे कळल्यावर त्याला आनंद होत नाही. वेड असते तर सुटका तरी होती.

चित्रपटात हा प्रसंग नाही. तो का नाही, हे मला १९९६ साली कळले नव्हते.

चित्रपटातले ग्रंथालय

तारकोव्हस्की या कादंबरीकडे वळला तेव्हा अडचणीत होता. ‘आंद्रेई रुब्लेव्ह’ हा त्याचा मोठा चित्रपट १९६६ साली पूर्ण होऊनही सोव्हिएत अधिकाऱ्यांनी अडवून धरला होता. लोकप्रिय लेखकाची विज्ञान कादंबरी हा मंजुरी मिळण्यासारखा विषय होता. (त्याआधी, १९६८ साली, सोव्हिएत दूरचित्रवाणीवर बोरिस निरेनबुर्ग यांनी ‘सोलारिस’चे दोन भागांतले रूपांतर केले होते.) फ्रिडरिख गोरेनश्टाइन याच्यासोबत तारकोव्हस्कीने पटकथा लिहिली. पहिल्या खर्ड्यात तर बरीचशी कथा पृथ्वीवरच घडत होती. लेमने आणि स्टुडिओनेही त्याला हरकत घेतली. चित्रपट १९७२ साली आला आणि त्याच वर्षी कान महोत्सवात त्याला ज्युरीचे विशेष ग्रांप्री मिळाले.

कादंबरी क्रिस कुपीत बसून स्थानकाकडे निघतो तिथे सुरू होते. पृथ्वी एकदाही दिसत नाही. चित्रपट सुरू होतो तळ्याकाठच्या एका घरापाशी. पाण्याखाली हलणारे शेवाळ, धुके, घोडा, पाऊस. चाळीस मिनिटांहून अधिक वेळ आपण पृथ्वीवरच असतो. क्रिसला वडील आहेत, मावशी आहे, वारलेली आई आहे. निघण्यापूर्वी तो जुने कागद शेकोटीत जाळतो. यातले काहीही कादंबरीत नाही.

बर्टन या वैमानिकाचे उदाहरण घ्या. सागरावर उडताना त्याला एक अवाढव्य मूल दिसते. कादंबरीत बर्टन क्रिसला कधी भेटतच नाही. त्याची साक्ष क्रिस ग्रंथालयातल्या एका पुस्तकात वाचतो. चित्रपटात बर्टन म्हातारा होऊन, अपमान गिळून, क्रिसच्या घरी येतो. दोघांत खटका उडतो. मग तो मोटारीतून शहरात परततो, आणि सुमारे पाच मिनिटे आपण फक्त रस्ते, बोगदे आणि उड्डाणपूल पाहतो. ही दृश्ये टोकियोत चित्रित केली होती. कादंबरीतला कागद चित्रपटात माणूस झाला, हा फरक पुढे सगळीकडे दिसतो.

सर्वांत महत्त्वाचे ग्रंथालयच. खिडक्या नसलेली तीच खोली चित्रपटातही आहे. पण तिथे सोलारिस्टिक्सचे खंड नाहीत. मेणबत्त्या आहेत, ‘डॉन किहोटे’ आहे, व्हीनसचा पुतळा आहे, आणि भिंतीवर ब्रुगेलची चित्रे. त्यातले १५६५ सालचे ‘बर्फातले शिकारी’ हारी एकटक पाहत राहते आणि कॅमेरा तिच्याबरोबर त्या चित्रात हिंडतो. नंतर स्थानकाची कक्षा बदलताना अर्ध्या मिनिटासाठी वजनहीनता येते. क्रिस आणि हारी हवेत तरंगतात, बाखचे ऑर्गन वाजते. विज्ञान चित्रपटात वजनहीनता म्हणजे यंत्रांचे कौतुक. इथे ती दोन माणसांना मिळालेली उसंत आहे.

तारकोव्हस्कीने खोली तीच ठेवली आणि कपाटातली पुस्तके बदलली. लेमच्या ग्रंथालयात आहे परक्याला समजून घेण्याच्या धडपडीचा इतिहास. तारकोव्हस्कीच्या ग्रंथालयात आहे आपल्या घराची आठवण. संपूर्ण रूपांतर समजायला मला ही एक अदलाबदल पुरेशी वाटते.

आता गणिताचा प्रसंग का गाळला ते पाहू. कागदावर चाललेले गणित आणि त्यातून निघालेला निष्कर्ष हे शब्दांत थरारक होते, कारण वाचक स्वतः त्या तर्काची एकेक पायरी चढतो. पडद्यावर तो लिहिणारा माणूस दिसेल, तर्क दिसणार नाही. ‘सागर कळत नाही’ हे लेम शंभर फसलेल्या सिद्धान्तांनी दाखवू शकतो. कॅमेऱ्यापुढे सिद्धान्त उभा करता येत नाही. चेहरा, पाणी, आग, कापड हे उभे करता येते. म्हणून चित्रपटातला सागर मुख्यतः फेसाळ, वळसे घेणारा पृष्ठभाग आहे, आणि न कळण्याचा भार क्रिसच्या चेहऱ्यावर आला आहे.

भांडण

लेम मॉस्कोला गेला होता. तिथे दोघांचे काही आठवडे वाद झाले, आणि शेवटी तारकोव्हस्कीला मूर्ख म्हणून आपण परतलो, असे लेमने पुढे मुलाखतीत सांगितले. त्याच्या तक्रारी स्पष्ट होत्या. क्रिसचे नातलग कशाला आणले? आणि अंतराळ वाईट, पृथ्वी सुंदर असा भाव चित्रपटात आहे, तर आपले म्हणणे नेमके उलट होते. याने ‘सोलारिस’ केलाच नाही, दोस्तोयेव्हस्कीची ‘गुन्हा आणि शिक्षा’ केली, असा त्याचा टोमणा प्रसिद्ध आहे.

टोमणा म्हणून तो चोख आहे, आणि वर्णन म्हणूनही बरोबर आहे. चित्रपटातल्या क्रिसचा प्रश्न ‘हा सागर काय आहे’ हा नसून ‘मी हारीचे काय केले’ हा आहे. दोघांचे शेवट शेजारी ठेवले की हे दिसते. कादंबरीच्या शेवटी क्रिस प्रथमच सागराच्या काठावर उतरतो. हात पुढे करतो. लाट येते, हाताभोवती हवेचा पातळ थर राखून त्याला वेढते, मागे जाते. काही वेळा असे होते, मग सागराचे कुतूहल संपते. त्याला शिवताही येत नाही. हारी परत येईल अशी आशा त्याला नाही, तरीही तो तिथेच थांबायचे ठरवतो. चित्रपटाच्या शेवटी क्रिस तळ्याकाठच्या घरी पोहोचलेला दिसतो. खिडकीतून पाहतो तर घरात पाऊस पडतो आहे, आणि वडिलांच्या ते लक्षातही येत नाही. ते दारात येतात, क्रिस त्यांच्यापुढे गुडघे टेकतो. मग कॅमेरा वर वर जातो, आणि ते घर, झाडे, तळे हे सगळे सागरातले एक छोटे बेट असल्याचे दिसते.

कादंबरीचा माणूस परक्याच्या दारात उभा आहे. चित्रपटाचा माणूस घराच्या प्रतिकृतीत परतला आहे. १९९६ साली मी लेमच्या बाजूने निकाल दिला होता. आज मला वाटते, लेमची तक्रार खरी आहे आणि माझा निकाल चुकीचा होता. त्याला वाईट वाटणे साहजिक होते. त्याने आयुष्य ज्या प्रश्नात घालवले तोच चित्रपटातून गेला. पण माझा आरोप विश्वासघाताचा होता. आणि विश्वासघात म्हणायला दिग्दर्शकाने लेमचेच म्हणणे सांगायचे वचन दिलेले असावे लागते.

पाहुणीचा झगा

लेमचा जो तपशील तारकोव्हस्कीने आवर्जून ठेवला, तोच मला वाट दाखवून गेला.

हारीचा झगा उतरवायचा असतो, पण तो सोडता येईल असे काही त्याला नाहीच. बटणे किंवा बंद दिसतात ते शोभेचे. ते उघडत नाहीत. शेवटी कात्रीने कापावा लागतो. कारण सरळ आहे. सागराने हारी घडवली ती क्रिसच्या आठवणीतून, आणि झगा कसा दिसे हे क्रिसला आठवते, तो कसा उघडे हे आठवत नाही. क्रिस पहिल्या हारीला यानात घालून उडवून देतो. दुसरी येते, तीही तशीच, आणि मग खोलीत त्याच कपड्याच्या दोन प्रती दिसतात. कादंबरीत दोन झगे, चित्रपटात दोन शाली.

तिच्या देहाचेही तेच. कादंबरीत क्रिस तिचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो. पेशी दिसतात, रेणू दिसतात, आणखी खोल गेल्यावर अणू दिसायला हवेत तिथे काहीच नाही. सार्टोरियसचा तर्क असा की पाहुणे न्यूट्रिनोंचे बनलेले असावेत. न्यूट्रिनो म्हणजे पदार्थाशी जवळजवळ संबंधच न ठेवता आरपार जाणारा कण. १९३० साली त्याची कल्पना पाउलीने मांडली, आणि प्रत्यक्ष पुरावा मिळाला १९५६ साली, कादंबरी लिहिली जाण्याच्या जेमतेम काही वर्षे आधी. न्यूट्रिनोंची स्थिर रचना होऊ शकत नाही हे लेमला ठाऊक होते. म्हणून सागराचे एखादे क्षेत्र ती टिकवून धरत असेल, असे तो पात्रांकडून म्हणवतो.

हे वाचताना एकदा वाटून गेले की चित्रपट-रूपांतर म्हणजे हारीसारखीच पाहुणी. दिग्दर्शक पुस्तक वाचतो, मिटतो, आणि त्याच्या मनात जे सर्वांत खोल रुतले त्याला पडदा देह देतो. बाहेरून ते पुस्तकासारखे दिसते. नावे तीच, खोल्या त्याच. पण बंद सोडायला जावे तर सुटत नाहीत, आणि पुरेसे खोल पाहिले तर मूळ पुस्तकाचे अणू तिथे नसतात. तारकोव्हस्कीच्या मनात सागर रुतला नाही, हारी रुतली. त्याचा चित्रपट त्याच्या आठवणीइतकाच खरा आहे.

आणि हारीची गोष्ट इथेच थांबत नाही. ती आधी फक्त क्रिसच्या आठवणीतली आहे. तो नजरेआड झाला तर बंद दार फोडून येते. पण हळूहळू तिला कळते की आपण ती नाही. ती द्रव ऑक्सिजन पिऊन मरायचा प्रयत्न करते, आणि तडफडून पुन्हा जिवंत होते. चित्रपटात ग्रंथालयातल्या प्रसंगी सार्टोरियस तिला तोंडावर सांगतो की तू प्रतिकृती आहेस. ती ते नाकारत नाही. आपण माणूस होत चाललो आहोत, एवढेच सांगते. मला हा प्रसंग कादंबरीतल्या कोणत्याही प्रसंगापेक्षा मोठा वाटतो. चांगले रूपांतरही असेच आठवणीतून सुरू होते आणि पुढे त्याला स्वतःचे दुःख फुटते. तसे झाले नाही तर ते नुसती प्रत राहते.

तिसरी पाहुणी

२००२ साली स्टीव्हन सोडरबर्गने ‘सोलारिस’ पुन्हा केला. जॉर्ज क्लूनी क्रिस, नताशा मॅकेलहोन नायिका, वेळ दीड तासाच्या थोडा वर. इथे नायिकेचे नाव आहे ‘रेया’ आणि शास्त्रज्ञाचे ‘स्नो’. म्हणजे १९७० सालच्या इंग्रजी अनुवादातली ती उलटापालट पडद्यावरही आली. माझ्या चुकीला इतकी मोठी सोबत मिळाल्याचे पाहून मला थोडे बरे वाटले, हे कबूल करतो.

या चित्रपटात सागर जवळजवळ उरलेलाच नाही. दूरवर चकाकणारा एक गोळा आहे. लेमने तो न पाहताच लिहिले की आपल्या पुस्तकाचे नाव ‘सोलारिस’ आहे, अंतराळातली प्रेमकथा नव्हे. तरीही सोडरबर्गला एक गोष्ट नेमकी दिसली. त्याची रेया म्हणते की मी आत्मघातकी आहे, कारण तुला मी तशीच आठवते. मेलेल्या माणसाची आपण एकच बाजू जपून ठेवतो, आणि ती त्याच्यावर लादतो, हे लेमच्या पुस्तकात बीजरूपाने आहे. ते असे उघड करून दाखवायला तिसरा वाचक लागला.

तेव्हा तुलना कशी करावी? माझ्यापुरते मी तीन प्रश्न ठरवले आहेत. रूपांतर करणाऱ्याला पुस्तकातले काय आठवले? जे आठवले नाही त्याच्या जागी त्याने काय ठेवले? आणि ते नवे आपल्या पायांवर उभे राहिले का? पहिल्या दोन प्रश्नांना पुरावे देता येतात. ग्रंथालय, बर्टन, शेवट हे असे पुरावे आहेत. तिसरा प्रश्न ज्याने त्याने पाहूनच ठरवायचा. ‘इमान’ हा शब्द मी तुलनेतून काढून टाकला आहे. पण त्याबरोबर हेही म्हणायला हवे की चित्रपट पाहून कादंबरी कळली असे कोणी समजू नये. सागर फक्त पुस्तकात आहे. नारळीकरांच्या विज्ञानकथा वाचत वाढलेल्या मराठी वाचकाने तरी तो चुकवू नये. विज्ञान कुठे थांबते हे विज्ञानाच्याच भाषेत सांगणारी अशी कादंबरी मी दुसरी वाचलेली नाही.

शेवटी पुन्हा नावाकडे येतो. कादंबरीत हारी आपला अंत स्वतःच मागते. क्रिस झोपेत असताना सार्टोरियसच्या यंत्रापुढे ती उभी राहते आणि नाहीशी होते. मागे एक छोटी चिठ्ठी राहते. चिठ्ठीच्या खाली एक शब्द लिहून खोडलेला आहे, पण तो वाचता येतो. ते तिचे नाव आहे. आपण जिच्या नावाने वावरलो ती आपण नव्हे, हे तिला कळले होते, म्हणून तिने नाव खोडले. आणि लिहिले होते, कारण दुसरे नाव तिच्याजवळ नव्हते.

जुन्या लेखाची एक झेरॉक्स माझ्या फायलीत आहे. ‘रेया’वरची दोन पाने मी फाडलेली नाहीत. फक्त त्यांवर आडवी रेघ मारून समासात तारीख आणि दुरुस्ती लिहिली आहे, म्हणजे पुढे कोणाच्या हाती लागली तर काय चुकले होते ते त्यालाही वाचता येईल.